एकशे ऐंशी लिटर

१४, चॅपल रो
मंगळवार, १९ नोव्हेंबर

प्रिय एनिड,

शनिवारी तू चारच्या बसने परत येशील. स्टॉपवर उतरलीस की समोर खाटकाचं दुकान, आणि दुकानात गल्ल्यावर ग्लेनिस. तू बॅग खाली टेकवायच्या आत ती तुला माझ्याबद्दल एक बातमी सांगेल. बातमी खरी आहे, पण ग्लेनिसच्या तोंडून कळण्याआधी ती तुला माझ्याकडून कळावी म्हणून हे पत्र लिहितोय. फोन केला असता, पण व्हिटबीला फोन तुझी बहीण डोरा उचलते आणि मग तुझ्या शेजारीच बसून राहते. शिवाय फोनवर मी काय बोलतो ते तुला ठाऊक आहे. तीस वर्षं आपण फोनवर पाऊस येणार की नाही एवढंच बोलत आलोय. तेव्हा कागदच बरा.

बातमीची सुरुवात बॉयलरपासून होते, म्हणून आधी बॉयलर ऐकून घ्यावा लागेल. तू डोराच्या मोडलेल्या पायाची सेवा करायला गेलीस, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझा बॉयलर गेला. बाहेरच्या खोलीत गॅसच्या शेगडीमागे भिंतीत बसवलेला तो जुना, आमची लिंडसे शाळेत जायला लागली त्या वर्षी ऑड्रीने आणि मी घेतलेला. दर ऑक्टोबरात मी गुडघे टेकून, काडी धरून त्याची ज्योत पेटवायचो आणि ऑड्री मागून म्हणायची, चॅपलमध्ये कधी इतका वेळ गुडघे टेकत नाहीस. या वेळी अख्खी काडेपेटी संपली, ज्योत काही धरेना. वरच्या मजल्यावर, जिच्या उबेवर कपडे वाळायचे ती उबेच्या कपाटातली तांब्याची टाकीही बुडाशी पाझरायला लागली होती. मग काय, पंधरा दिवस किटलीत पाणी तापवायचं आणि स्वयंपाकघरात उभं राहून अंग पुसायचं. बँडच्या तालमीला माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या जरा सरकलेल्या दिसायच्या. मांडीवरचा ट्युबा, तो पितळी कर्णा, मोठा असतो म्हणून असेल, असं मी स्वतःला समजावलं.

गॅसच्या कामाला कर्स्टी आली, ग्लेनिसची भाची. कामाला चोख पोरगी. दारात बूट काढले, चहात तीन चमचे साखर घातली आणि बॉयलरचं झाकण उघडून आत टॉर्च मारला. मग म्हणाली, "अहो क्लिफर्ड, हा माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. याला दुरुस्त नाही करत, याला निरोप देतात." नंतर तिने टेबलावर फॉर्म काढला. पांढरा, पिवळा, गुलाबी अशा तीन प्रती, मध्ये कार्बन. पहिलाच प्रश्न होता, घरात माणसं किती? मी म्हटलं, एक. तिने एकचा आकडा लिहिला आणि म्हणाली, "मग विचार कसला करायचा? कॉम्बी बसवू. भिंतीवर एक डबा, टाकी नाही, कपाट नाही, नळ सोडला की पाणी गरम. एकट्या माणसाला याहून जास्त काय लागतं?" प्रश्न साधा होता आणि उत्तरही खरं होतं, तरी दिवसभर मला तो आकडा आवडला नाही.

म्हणून मी कर्स्टीकडे विचार करायला वेळ मागितला. तू हसशील. बत्तीस वर्षं बस चालवली, पण घरचा कुठलाही निर्णय मी वेळेवर घेतलेला नाही. त्यातून बॉयलर हा विषय असा की आपल्या गावात प्रत्येकाला त्यातलं सगळं कळतं. तीन जाती असतात म्हणे. एक जुनी, माझ्यासारखी: माळ्यावर गार पाण्याची टाकी, कपाटात गरम पाण्याची, आणि घरभर पाइपांचं जाळं. दुसरी कॉम्बी, जिच्याजवळ शिल्लक काहीच नसतं. मागाल तेवढं तेव्हाच तापवून देणार, पण दोघांनी एकदम मागितलं की दोघांची पंचाईत. तिसरी सिस्टिम नावाची, दोन्हींच्या मधली: माळ्यावरची टाकी जाते, कपाटातली राहते, आणि दोन नळ एकदम सोडले तरी कुणाचं अडत नाही. लिंडसेने लीड्सहून फोनवर एका दमात सांगितलं, "बाबा, कॉम्बीच घ्या. ते कपाट तोडून तिथे बसून आंघोळ करता येईल असा शॉवर करून घ्या. हल्ली कोण कपाटात कपडे उबवतं?" बँडमास्तरांचं मत कॉम्बी, पोस्टातल्या बाईंचं कॉम्बी. बारा नंबरचा म्हातारा तर मला स्वतःचा कॉम्बी दाखवायला घरात घेऊन गेला आणि त्याने सगळे नळ एकेक करून सोडून दाखवले. एकदम दोन मात्र त्याने सोडले नाहीत.

मी कॉम्बीला हो म्हणायच्या बेतात होतो आणि त्याच दिवशी तुझं कार्ड आलं. त्यात तू तीन गोष्टी लिहिल्या होत्यास. पहिली, घरमालकाला नव्या वर्षात तुझं घर पुतण्यासाठी हवंय, तेव्हा शनिवारी येशील ती सामान बांधायलाच. दुसरी, डोराची मागची खोली रिकामी आहे, खिडकीतून समुद्र दिसतो आणि ती राहा म्हणून मागे लागलीय. अजून हो म्हटलेलं नाही, पण नाही म्हणायला कारणही सापडत नाही. आणि तिसरी, डोराकडे कॉम्बी आहे. तू शॉवरखाली साबण लावून उभी राहिलीस की नेमकी तेव्हाच तिला कप विसळायची आठवण होते. धुतलेले ब्लाउज रेडिएटरवर तीन दिवस लटकतात आणि त्यांना ओल्या कुत्र्याचा वास येतो. शेवटचं वाक्य मला पाठ आहे: 'माझ्या उबेच्या कपाटाची जेवढी आठवण येते तेवढी त्या गावात कुणाची येत नाही.' एनिड, मी ते कार्ड बारा वेळा वाचलं. त्यात माझं नाव कुठे नव्हतं. पण कपाट होतं, आणि बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं मी ते कपाट धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाझरणाऱ्या टाकीपायी मला माझं कपाट रिकामं करावं लागलं. ऑड्री गेल्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून मी त्याच्या फक्त पुढच्या कप्प्यात हात घालत होतो. आतून काय काय निघालं सांगू? माझे चौदा मोजे, एकाचाही जोडीदार नाही. लिंडसेच्या लहानपणचा विटका टॉवेल. आणि अगदी मागे, घडी न मोडलेला एक उशीचा अभ्रा, कोपऱ्यात लाल दोऱ्याने भरलेली तुझ्या नावाची अक्षरं. ऑड्री अंथरुणावर होती त्या हिवाळ्यात तू रोज सकाळी तुझ्या कपाटातला गरम गाऊन आणि गरम अभ्रा कोटाच्या आत धरून, चढ चढून आणायचीस. गार होऊ नयेत म्हणून तू धावत यायचीस हे मी खिडकीतून बघायचो. आमच्याकडेही कपाट होतं, पण ते भरायचं भान मला तेव्हा नव्हतं. तू त्यावर एक शब्द बोलली नाहीस. त्या दिवसांत ऑड्री मला म्हणाली होती, "एनिडला हातची जाऊ देऊ नकोस, तिच्यासारखं माणूस परत मिळायचं नाही." मी समजलो, तू सांभाळतेस त्या बँडच्या कोटांबद्दल बोलतेय. मागच्या आठवड्यात अभ्रा हातात घेऊन जिन्यावर बसलो तेव्हा पहिल्यांदाच वाटलं, ऑड्रीला कोटांचं कधी काय पडलं होतं?

मी उठलो आणि कर्स्टीला बोलावलं. म्हटलं, कॉम्बी नको, सिस्टिम बसव, टाकी आणि कपाट राहू दे. ती म्हणाली, "एकट्याला टाकी? बरं, तुमची मर्जी. एकशे वीस लिटरची लिहिते, भरपूर होईल." मी विचारलं, त्याहून मोठी असते का? "असते, एकशे ऐंशी. पण कशाला? पोहायला जाणार आहात का?" मी म्हटलं, मला टबात हनुवटीपर्यंत पाणी लागतं. हे साफ खोटं होतं. हनुवटीपर्यंत पाणी तुला लागतं. ब्लॅकपूलच्या स्पर्धेला बँड गेला होता तेव्हा हॉटेलातलं सगळं गरम पाणी कुणी संपवलं यावर परतीच्या बसमध्ये खटला भरला होता, आठवतं? ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी सवय. कर्स्टीने खांदे उडवले आणि एकशे ऐंशी लिहिलं. माणसांच्या चौकटीत मात्र एकच राहिला.

बॉयलर आला, टाकीही आली. पांढरी, गुळगुळीत, माझ्या खांद्याएवढी. ती कपाटात उभी राहिली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आता हे कपाट बघ कसं उबदार होतं ते. कर्स्टीने हातातला पाना खाली ठेवला. "हे कपाट? ते कशाला उबदार होईल? जुन्या टाकीला नुसती लाल दुलई बांधलेली असायची, निम्मी ऊब बाहेर पळायची. ही नवी चहूबाजूंनी बंद आहे. पाणी दिवसभर गरम राहील, पण कपाट गारच राहणार." एनिड, मी तिथेच पायरीवर बसलो. इतकी वर्षं आपण ज्या उबेमुळे याला उबेचं कपाट म्हणत आलो, ती टाकीची चूक होती म्हणे, आणि चूक सुधारली. गावात सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मी ज्याच्यासाठी टाकी घेतली, नेमकं तेच तिच्यात नव्हतं.

माझं तोंड बघून कर्स्टीला कळेना. म्हणाली, "अहो, एवढं तोंड पाडायला काय झालं? तुमचे शर्ट किती, चार. दोरीवर वाळतील." मी म्हटलं, माझ्या शर्टांसाठी नाही. "मग कशासाठी?" मी म्हटलं, बँडचे सव्वीस कोट असतात. डिसेंबरात नाताळची कॅरल वाजवताना रोज भिजतात, सकाळपर्यंत वाळायला लागतात. "पण कोट तर एनिडबाईंकडे असतात." हो, म्हटलं, एनिडकडेच असतील. एवढं बोललो आणि टाकीवरची नसलेली धूळ पुसायला लागलो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. बाहत्तर वर्षं त्या बहिणीबरोबर मी राहत आलो. कर्स्टी माझ्याकडे बघत राहिली. मग खाली गेली, फॉर्म घेऊन आली आणि पेन माझ्या हातात दिलं. "फॉर्म चुकलाय वाटतं. आकडा तुम्हीच दुरुस्त करा. आणि खाडाखोड केली की शेजारी सही लागते." मी एक खोडून दोन लिहिले आणि शेजारी सही केली. दोनचा आकडा ठसठशीत आलाय. कार्बनमुळे तिन्ही प्रतींवर आलाय.

गार कपाटावर उपायही तिनेच काढला. कपाटाच्या तळाशी एक लहानसा रेडिएटर बसवला, त्याला स्वतंत्र चावी. वरच्या फळ्या मी स्वतः रंधून केल्या, मध्ये फटी ठेवून, म्हणजे ऊब वरपर्यंत जाते. एका बाजूला कोटांसाठी लांब दांडी. काल काम संपलं. मी पंधरा दिवसांनी टबात बसलो आणि आतूनच मोठ्याने गायलो, बारा नंबरच्या म्हाताऱ्याने भिंत ठोकेपर्यंत. मग माझा बँडचा कोट अंगणातल्या नळाखाली भिजवून कपाटात टांगला. सकाळी तो कोरडा होता, आणि बाह्यांत हात घातले तर गरम. इतका आनंद मला कुठल्या बक्षिसाचा झाला नव्हता. तसाच कोट घालून मी चहा प्यायला बसलो.

तोवर बोभाटा झालेला होता. कर्स्टीने काल दुपारी आपल्या आत्याला सांगितलं, आणि ग्लेनिसने काय केलं ते वेगळं सांगायला नको. चार वाजता मी सॉसेज आणायला गेलो तर ती सगळ्या रांगेदेखत म्हणाली, "काय रे क्लिफ, यापुढे दोघांपुरते बांधू का?" बँडमास्तरांनी रस्त्यात थांबवून विचारलं, चॅपलमधून बाहेर पडताना कुठली धून वाजवायची. पोस्टातल्या बाईंनी माझ्यासाठी आल्याच्या पार्किन केकचा डबा दिला आणि वर सांगितलं की एनिड येईपर्यंत उघडू नकोस, पार्किन मुरू दे. संध्याकाळी लिंडसेचा फोन आला. तिला कुणी कळवलं देव जाणे. मी जरा घाबरलोच. तिने एवढंच विचारलं, "टाकी किती लिटरची घेतलीत?" मी सांगितलं, एकशे ऐंशी. ती म्हणाली, "बाबा, दोघांना तेवढी लागतेच." आणि मग आम्ही दोघंही फोनवर थोडे रडलो, पण बरं वाटलं. म्हणजे बघ, आपल्या गावापासून लीड्सपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते फक्त तुला.

तर बातमी ही. एनिड, माझ्याशी लग्न करशील का? मला तू हवी आहेस. कोटांसाठी नाही, तुझं घर जातंय म्हणूनही नाही. तू नसलीस की मला रविवार सरत नाही, आणि हे तुला चार वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. माझ्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, बारा नंबरची कचऱ्याची पिंपं दिसतात. पण तू टबात असताना मी कप विसळले तरी तुझं पाणी गार होणार नाही, याची लेखी हमी कर्स्टीने दिली आहे. सोबत फॉर्मची गुलाबी प्रत ठेवतोय. दोनचा आकडा पटत नसेल तर खुशाल खोड, एक कर आणि शनिवारी नेहमीसारखी खाटकासमोर उतर. बस तुझ्याशिवाय पुढे आली की मी समजेन, आणि आपण पुन्हा पावसाबद्दल बोलू. कोट मात्र तरीही माझ्याच कपाटात वाळत घाल, ते बँडचे आहेत. आणि पटत असेल तर माझ्या सहीशेजारी जागा मोकळी आहे, तिथे तुझी अक्षरं लिही आणि खाटकासमोर उतरू नकोस. ग्लेनिस काचेतून हात हलवेल, तूही हलव, पण बसून राहा. पुढचा स्टॉप चॅपल रो. मी तिथे उभा असेन, अंगात कोट असेल, आणि तो गरम असेल.

तुझाच,
क्लिफर्ड

ता. क. बस चारची आहे. टाकी भरून तापायला तास लागतो, म्हणून तीनलाच लावतो. पूर्ण एकशे ऐंशी.